लहानग्यांचा फुटबॉल आणि माझें शिक्षण
(सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



या मंगल समयीं मजसारख्या सामान्य माणसास बोलावयास सांगितलें, याबद्दल मी महोत्सव मंडळाचा ऋणी आहें. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याची माझी योग्यता नाहीं. देवळामागील मैदानावर सात-आठ वर्षांच्या मुलांस प्रथमच फुटबॉल शिकवितांना त्यांनींच मला जें शिकविलें, तेवढेंच निवेदन करितों.

फादरांनीं हें काम मजवर सोंपविलें तेव्हां वाटलें, यांत अवघड तें काय? तरुणपणीं मी स्वतः खेळलों होतों. पहिल्या दिवशीं चौदा मुलांस ओळींत उभें करून मीं बचाव, आघाडी, ऑफसाइड इत्यादि सारे नियम अर्धा तास समजावून सांगितले. मग चेंडू टाकला मात्र, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशीं सारीं मुलें त्या एका चेंडूस लागलीं! गोलरक्षकही गोल सोडून धांवत आला. एकटा तेवढा कोपऱ्यांत फुलपाखराच्या मागें होता. मी पुष्कळ ओरडलों. कोणींही ऐकलें नाहीं.

पुढें वाचन व विचारपूस केल्यावर उमगलें कीं, दोष माझाच होता. या वयांत मुलास चेंडू दिसतो, मोकळी जागा दिसत नाहीं. मोठ्यांचा चेंडू पांच क्रमांकाचा, ६८ ते ७० सेंटिमीटर परिघाचा. या बाळांस तीन क्रमांकाचा हलका चेंडू पुरे. अकरा-अकरांऐवजीं चार-चारांचे संघ केले, तर प्रत्येकाचा पाय चेंडूस वारंवार लागतो. डोक्यानें चेंडू मारणें वर्ज्यच करावें. मेंदूस इजा होण्याच्या भयानें अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनें २०१५ सालीं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस तें बंद करण्याचें ठरविलें. मीं व्याख्यान सोडून आपला विषामृताचा खेळ घेतला. प्रत्येकानें चेंडू पायानें नेत पळावें. ज्याला 'विष' मिळेल त्यानें पाय फांकून उभें राहावें, आणि मित्रानें त्याच्या पायांमधून चेंडू घालून त्याला 'अमृत' द्यावें. महिन्याभरांत मुलें मान वर करून मित्राकडे पाहूं लागलीं.

पण माझा खरा धडा पुढेंच होता. शेजारच्या धर्मग्रामाशीं पहिला सामना ठरला. आमच्यांत एक अबोल मुलगा होता. मैदानावर सर्वांआधीं येई, सर्वांच्या चेंडूंत हवा भरी. जिंकण्याच्या लोभानें मीं त्याला अखेरपर्यंत बसवून ठेविलें. आम्ही एका गोलानें जिंकलों, पेढे वांटले. पुढील रविवारीं तो खेळावयास आला नाहीं, ख्रिस्ती शिक्षणाच्या वर्गासही आला नाहीं. मी घरीं गेलों. त्याच्या आईनें घडी घातलेला सदरा पुढें ठेविला व म्हणाली, "मास्तर, सामन्याहून आल्यावर धुवायला मागितला, तर म्हणतो, आई, तो मळलाच नाहीं."

बंधूंनो, शंभरांतील एका मेंढरासाठीं नव्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ आपण लहानपणापासून ऐकत आलों. मीं मात्र विजयासाठीं तें एकच मेंढरूं सोडून दिलें होतें. त्या ओटीवर मीं मुलाची क्षमा मागितली. तेव्हांपासून नियम केला कीं, प्रत्येक मुलानें प्रत्येक सामन्यांत सारखा वेळ खेळावें. दुसरा सामना आम्ही दोन गोलांनीं हरलों. कांहीं वडील मंडळी रुष्ट झाली, आणि त्यांचा राग मला समजतो. पण त्या दिवशीं तो सदरा चिखलानें माखला होता.

ट्युरिन शहरांतील पोरक्या मुलांचे कैवारी संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनीं बालपणीं कसरतींचे खेळ दाखवून मुलें जमविलीं व त्यांस प्रार्थनेस लाविलें. पुढें त्यांच्या आश्रमांत प्रार्थनामंदिराइतकेंच अंगणालाही महत्त्व होतें, आणि शिक्षकांनीं मुलांमध्यें मिसळून खेळावें असा त्यांचा आग्रह असे. दंडापेक्षां विवेक, धर्म व प्रेमळपणा यांवर त्यांची भिस्त होती.

म्हणून माझी दोन मागणीं आहेत. आईबापांनीं मैदानाच्या कडेवरून आपल्या मुलास आज्ञा सोडूं नयेत. घरीं आल्यावर 'किती गोल केलेस?' याऐवजीं 'खेळायला मिळालें ना?' एवढेंच विचारावें. आणि तरुणांपैकीं दोघांनीं तरी रविवारीं मिस्सानंतर मैदानावर यावें. मुलें वाढलीं आहेत. माझे गुडघे थकले आहेत.

ज्या प्रभूनें बाळकांस जवळ बोलाविलें, तो आपल्या धर्मग्रामांतील सर्व लेंकरांस आशीर्वाद देवो, इतकें बोलून मी आपली रजा घेतों.