एकाच झेंड्याखालचं भांडण



'आयसिस' म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. टीव्हीवरचा काळा झेंडा, आणि त्यानंतर ऑफिसात, कॉलेजात आपल्याकडे वळलेल्या नजरा. मला आज तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. त्या झेंड्याखालच्या माणसांचं आपसातलं भांडण. आपल्या पोरांना जे सांगितलं जातं, त्याचं सगळ्यात चोख उत्तर त्या भांडणात आहे.

गोष्ट इराकमधून सुरू होते. 2011 मध्ये शेजारच्या सीरियात असदच्या राजवटीविरुद्ध लोक उठले. तेव्हा इराकमधल्या अल-कायदाच्या शाखेचा प्रमुख अबू बक्र अल-बगदादी याने आपला एक माणूस सीमेपलीकडे पाठवला. अबू मोहम्मद अल-जोलानी. त्याने जबहत अल-नुसरा उभी केली. 2012 च्या जानेवारीत तिची घोषणा झाली आणि वर्षभरात ती बंडखोरांमधली मोठी ताकद झाली.

मग मालकी कुणाची, हा वाद आलाच. एप्रिल 2013 मध्ये बगदादीने जाहीर केलं: नुसरा आमचीच शाखा, आता दोन्ही मिळून एकच संघटना. दर महिन्याला तिजोरीतला निम्मा पैसा आम्हीच देत होतो, असा त्याचा दावा होता. जोलानीने लगेच हात वर केले. मला कुणी विचारलंच नाही, माझी बैअत थेट अयमन अल-जवाहिरीशी, असं तो म्हणाला.

जवाहिरीने जो निवाडा दिला, तो वाचून मला तर हेड ऑफिसचा ईमेल आठवला. दोघंही चुकले, कारण दोघांनीही न विचारता घोषणा केल्या. बगदादीने इराक सांभाळावा, जोलानीने सीरिया. मुदत एक वर्ष, मग पुन्हा पाहू. बगदादीने तो निवाडा धुडकावला.

जानेवारी 2014 पासून आयसिस आणि इतर बंडखोर गट एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. फेब्रुवारीत अल-कायदाने आयसिसशी संबंध तोडले. जवाहिरीने मध्यस्थ म्हणून नेमलेला अबू खालिद अल-सूरी त्याच महिन्यात अलेप्पोमध्ये आत्मघाती हल्ल्यात मारला गेला. बोट आयसिसकडे गेलं, त्यांनी इन्कार केला. पुढे तेलविहिरींच्या दैर-अल-झोर प्रांतात आयसिसने नुसराला हुसकावून लावलं. ऑगस्टमध्ये तिथल्याच शैतात जमातीने विरोध केला, तर शेकडो पुरुष मारले. मारणारे सुन्नी, मरणारेही सुन्नी.

आता तारखा जुळवून बघा. कल्याणचे चार तरुण इराकला गेले ते 2014 च्या मे महिन्यात. त्यांच्यात इंजिनिअरिंग शिकणारेही होते, म्हणजे माझ्यासारखेच. 'उम्मत'साठी चला, अशी हाक होती. आणि त्याच आठवड्यांत ती हाक देणारे कालच्याच साथीदारांशी तेलविहिरींसाठी लढत होते. हे भरतीच्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

शेवटही बघा. बगदादी 2019 मध्ये इदलिबमध्ये मेला. जोलानीने 2016 मध्ये अल-कायदाशी नातं तोडल्याचं जाहीर केलं, संघटनेचं नाव बदललं, आणि जानेवारी 2025 मध्ये अहमद अल-शरा या खऱ्या नावाने तो सीरियाचा अध्यक्ष झाला. नेत्यांनी नावं बदलली, निष्ठा बदलल्या. त्यांच्या शब्दावर मेलेल्या पोरांना ती सोय नव्हती.

धर्माच्या अंगाने उत्तर आलिमांनी दिलंच आहे. सप्टेंबर 2014 मध्ये जगभरच्या सव्वाशेहून अधिक आलिमांनी बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचे दावे खोडून काढले. मी आलिम नाही. मी फक्त व्यवस्थेबद्दल बोलतो.

भांडणं आपल्यातही होतात. मशिदीच्या ट्रस्टवरून काय कमी होतात? पण आपण वक्फ बोर्डाकडे जातो, कोर्टात जातो, वर्षानुवर्षं तारखा घेतो, वैतागतो. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हरलेला माणूस रात्री घरी जाऊन जेवतो, आणि पुढच्या जुम्म्याला त्याच सफेत उभा राहतो. तिथे हरलेल्याला ही जागाच नव्हती.

म्हणून उद्या कुणी तुमच्या फोनवर मोठमोठ्या शब्दांत हाक दिली, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारा. पैसा कुणाच्या हातात आहे? नेता चुकला तर त्याला जाब कोण विचारतो? आणि मला नको वाटलं, तर परत यायची वाट आहे का?

उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.