आकाशातला जांभळा ढग

श्रोतेहो, सातारा-सांगलीकडच्या वस्तीवर रात्री रेडिओचा काटा फिरवून पाहा. दिवसा न लागणारी लांबची स्टेशने, खरखरत का होईना, लागतात. शंभर किलोमीटरवरच्या विरळ हवेत सूर्यकिरण अणूंतले इलेक्ट्रॉन उपटतात. हे आयनीभवन. तोच थर रेडिओलहरी खाली परत धाडतो. त्याच्याखालचा, लहरी गिळणारा थर रात्री विरतो, एवढेच.

पण हे डोळ्यांना दिसावे कसे? आपले सांगली केंद्र निघाले त्याच 1963 साली, 21 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, केरळातल्या थुंब्याहून अग्निबाण उडाला. त्याने सोडलेली सोडियमची वाफ वर अजून असलेल्या उन्हात चमकली, वाऱ्याबरोबर वाहिली. त्यातून वारा कळला.

बेरियमची तऱ्हा निराळी. पुढे अंतराळात त्याची वाफ सोडली, तेव्हा अर्ध्याएक मिनिटातच उन्हाने तिचे आयनीभवन झाले. एका ढगाचे दोन झाले! एक वाऱ्यामागे गेला, दुसरा जांभळा पृथ्वीच्या चुंबकरेषा धरून लांबला. गुरुजनहो, वर्गात चुंबकावरच्या कागदावर लोखंडाचा कीस टाकता ना, तेच चित्र, पण आभाळभर.

उन्हाशिवाय हे घडेल? स्वीडनचे आल्फवेन म्हणाले, चुंबकक्षेत्रातल्या प्लाझ्मातून वायू पुरेशा वेगाने गेला तर घडेल. प्रयोगशाळेत घडलेही. अंतराळात मात्र कधी थोडे दिसले, कधी मुळीच नाही.