डोक्याची इजा : घरी नेण्याची घाई नको
(वार्षिक सभेतील मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मेंदूविषयी जे थोडे उमगले, ते डॉक्टरांच्या सहवासात. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक शहरातूनच जातो. अपघातानंतर आणलेला तरुण शुद्धीवर असतो, बोलतो, आणि आप्त म्हणतात, ‘घरी नेतो.’ अशा वेळी आम्ही हात जोडून त्यांना थांबवितो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांमध्ये रक्त साठू लागले, तरी रुग्ण काही तास बरा दिसू शकतो. मग तो ग्लानीत जातो. वृद्धांमध्ये आवरणाखालचा रक्तस्राव कित्येक आठवड्यांनीही उघड होतो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी वा झटका दिसताच रुग्णास परत आणावे.

ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेल्या मोजपट्टीवर डोळे, बोलणे व हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. ८ वा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. अशा रुग्णास पुढे स्नायूंचा ताठरपणा, गिळण्याची अडचण, अपस्मार जडू शकतो. परंतु १५ गुणांचा रुग्णही कधी महिनोन्महिने चक्कर, थकवा, उजेडाचा त्रास सोसतो, आणि घरचे त्याला आळशी ठरवितात!

नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम राबविली गेली. तिची कुरकुर आम्हीही ऐकली. अतिदक्षता विभागाबाहेर मात्र ती कधी ऐकू आली नाही.

शस्त्रक्रियेसाठी देणगी लवकर मिळते, नंतरच्या व्यायामोपचारासाठी क्वचित. यंदा त्या खात्याकडे आपण लक्ष द्यावे, ही विनंती.