मोबाईलवरचा सौदा : बोली लावण्यापूर्वी



मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घर मिरजकर तिकटीजवळ, पण नोकरी सगळी मार्केट यार्डात झाली. गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी होतो. सकाळी सौदे ऐकायचे आणि दुपारी पट्ट्या लिहायच्या, यातच उमेद गेली. त्यामुळे मोबाईलवरच्या लिलावावर बोला असा निरोप आला, तेव्हा घरची मंडळी हसली. मला तो मोबाईल नीट धरताही येत नाही. पण लिलाव कळतो, आणि लिलावात फसवणारा माणूस कसा बोलतो तेही कळतं.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. राधानगरी तालुक्यातला माझा भाचा सकाळी सकाळी दारात उभा. चहा पुढं ठेवला तरी कपाला हात लावीना. म्हणाला, "मामा, आर.टी.ओ.त तुमच्या ओळखीचं कोण आहे का?" मी म्हटलं, "काय काम काढलंस?" मग हळूहळू एकेक बाहेर आलं.

त्याला भातासाठी पॉवर टिलर घ्यायचा होता. नवा घ्यायचा तर दीड-दोन लाखांची बात. मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या एका बाजारात त्याला पॉवर टिलर दिसला, किंमत पासष्ट हजार. फोटो झकास. विकणारा म्हणे फौजी, नेमणूक बेळगावला. गावाकडं शेतीला घेतला होता, आता बदली लांब झाली म्हणून काढतोय. त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला फोटोही पाठवला. आपल्या जिल्ह्यात फौजी नाही असं गाव सापडायचं नाही. वर्दी बघितली की आपला हात आपोआप छातीशी जातो, आणि फसवणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आधी एकवीसशे रुपये मागितले, कॅम्पातून यंत्र बाहेर काढायच्या पासासाठी. मग साडेबारा हजार टेम्पोभाड्याचे, 'पोचल्यावर परत मिळतील' असं सांगून. मग अठरा हजार कराचे, तेही परत मिळणारे. बत्तीस हजार सहाशे गेले आणि मग फोन बंद. लष्कराच्या कॅम्पात पॉवर टिलर कशासाठी ठेवला होता, हा प्रश्न त्याला पडला नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना मलाही पडला नाही.

यात नवं काही नाही. सैनिकाच्या नावानं गाड्या आणि यंत्रं विकण्याची ही युक्ती देशभर चालली आहे. म्हशींच्या बाबतीतही तेच. 2023 साली उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यात एका पशुपालकानं मोबाईलवर चित्रफीत बघून म्हैस ठरवली, भाव 55 हजार. दहा हजार आगाऊ पाठवले. म्हैस काही आली नाही, आणखी पैशांची मागणी मात्र आली. आपल्याकडंही मुऱ्हा म्हशीची हौस दांडगी आहे, म्हणून हे सांगून ठेवतो.

आता जरा आपल्या सौद्याकडं बघू या. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. कोल्हापूरचा गूळ लिलावानं विकला जातो. तिथं काय होतं? रवे समोर मांडलेले असतात. व्यापारी खडा काढून जिभेवर ठेवतो, रंग बघतो, कणी बघतो, मगच बोली बोलतो. माल कुणाचा, ते सगळ्यांना ठाऊक. आणि मध्ये अडत्या उभा असतो. त्याच्याकडं बाजार समितीचा परवाना आहे, दुकान आहे, वही आहे. व्यापारी पळाला तर शेतकरी अडत्याच्या दारात जाऊन बसतो. अडत्यावर आपला राग असतो, आणि तो कधी कधी रास्तही असतो. पण त्याची ही एक किंमत आहे, की मध्ये जाब द्यायला कुणीतरी आहे.

म्हणून मोबाईलवर बोली लावताना पहिला प्रश्न वस्तूचा नको, भावाचाही नको. या सौद्यात मध्ये कोण आहे आणि वस्तू हातात येईपर्यंत माझा पैसा कुणापाशी राहणार, हे विचारा.

आपल्या देशात 2000 साली मुंबईहून 'बाझी डॉट कॉम' नावाचा असा लिलाव सुरू झाला. 2004 साली तो अमेरिकेच्या 'ईबे' कंपनीनं विकत घेतला, आणि 2018 साली ते इथलं दुकान बंद झालं. त्यांच्याकडं 'पैसापे' नावाची सोय होती. गिऱ्हाइकाचा पैसा कंपनी आपल्यापाशी थांबवून ठेवायची आणि वस्तू पोचल्यावर विकणाऱ्याला द्यायची. म्हणजे अडत्याचंच काम. अशा ठिकाणी लबाड विकणाऱ्याचा सगळा प्रयत्न एकच असतो, गिऱ्हाइकाला त्या सोयीबाहेर काढायचं. "कंपनीचं कमिशन वाचवू, तुम्ही मला सरळ पाठवा, हजार कमी द्या," असं तो म्हणतो. हे वाक्य ऐकलं की सौदा तिथंच मोडा.

त्याचाच एक भाऊबंद आहे. तुम्ही बोली लावली, पण दुसऱ्याची जास्त ठरली. दोन दिवसांनी निरोप येतो की त्या माणसानं माघार घेतली, तुमच्या बोलीला वस्तू देतो, पण पैसे या खात्यावर पाठवा. निरोप खरा असेल तर तो लिलावाच्या ठिकाणीच, तुमच्या खात्यात दिसला पाहिजे. नुसता फोनवर आला तर खोटा समजा.

आता जुन्या वस्तूंचे जे बाजार मोबाईलवर आहेत, त्यातले पुष्कळसे लिलावही नव्हेत आणि दुकानही नव्हेत. त्या नुसत्या भिंती आहेत, कुणीही येऊन पाटी लावावी. तिथं मध्ये कुणी नाही. मग तिथं घ्यायचंच नाही का? घ्या की. पण वडगावच्या बाजारात बैल घेता तसं घ्या. बैलाचे दात बघता, चालवून बघता, जुंपून बघता, म्हशीच्या दोन्ही वेळच्या धारा स्वतः काढता. फोटो बघून बैल घेणारा माणूस मी अजून बघितला नाही. मग पॉवर टिलर काय म्हणून घ्यावा?

जाऊन बघायचं. एकट्यानं नको, सोबत गावातला फिटर घ्या. विकणारा "मी बाहेर आहे, आधी थोडी रक्कम टाका, तुमच्यासाठी राखून ठेवतो" म्हणाला, तर तिथंच राम राम म्हणा. जाणं लांबचं असेल तर निघण्याआधी एक करा. आजचं वर्तमानपत्र चॅसी नंबरशेजारी ठेवून फोटो मागा. दुसऱ्याच्या जाहिरातीतला फोटो उचलणाऱ्याला हे जमत नाही, तो चिडतो. मात्र फोटो आला म्हणून पैसे पाठवायचे नाहीत. फोटो आला तर एस.टी.त बसायचं, एवढाच त्याचा उपयोग.

ट्रॅक्टर असेल तर कागद महत्त्वाचे. आर.सी.वरचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का? चॅसी आणि इंजिनावरचे नंबर स्वतः बोटानं पुसून वाचा. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ते बघा. असेल तर फायनान्सवाल्याचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. 'एम-परिवहन' या सरकारी ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची आणि विम्याची माहिती दिसते, पोराला लावून बघायला सांगा. स्वस्तातला ट्रॅक्टर पुष्कळदा हप्ते थकलेला असतो. तुम्ही पैसे मोजता आणि सहा महिन्यांनी वसुलीवाले तो शेतातून घेऊन जातात.

बँकांनी ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचे लिलाव खरेच होतात आणि तिथं माल रास्त भावात मिळतोही. तिथं बोलीआधी अनामत भरावी लागते, म्हणून लोकांना सगळंच खरं वाटतं. अनामत कुणाच्या नावावर भरताय ते बघा. बँकेच्या लिलावाची अनामत एखाद्या माणसाच्या खासगी खात्यात कधी जात नाही. शंका आली तर नोटिशीचा कागद घेऊन त्या बँकेच्या शाखेत जा आणि विचारा. लाजू नका.

बोली चढवणारे खोटे गडीही असतात, ते यार्डातही पाहिलेत. मालकानंच उभा केलेला माणूस भाव वाढवत नेतो आणि शेवटी गळ तुमच्या गळ्यात. 1930 च्या माल विक्री कायद्याचं 64 वं कलम सांगतं की भाव चढवायला विकणाऱ्यानं खोटी बोली लावली, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. पण मोबाईलवर ते शाबीत कोण करणार? त्यापेक्षा आदल्या रात्री आकडा कागदावर लिहून घरात ठेवा. त्याच्या वर एक रुपया नाही.

आता पैशाच्या दोन गोष्टी. हे घरातल्या बायाबापड्यांनाही सांगा, कारण तुम्ही रानात असता तेव्हा फोन त्यांच्या हातात असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे येतील म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला, तर पैसे जाणार असं समजा. तुम्ही म्हैस विकायला काढली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "हा चौकोनी कोड स्कॅन करा, पैसे येतील," तर ते साफ खोटं आहे. दुसरी गोष्ट अशी, की समोरचा एखादं ॲप घ्यायला सांगेल आणि त्यातून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसेल. ते घेऊ नका.

आता भाच्याचं पुढं काय झालं ते सांगतो. शेवटचे अठरा हजार त्यानं आदल्या संध्याकाळी पाठवले होते. पण लाजेनं रात्रभर कुणाला बोलला नाही. मी तिथल्या तिथं त्याला 1930 हा नंबर लावायला लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, देशभर एकच. पलीकडच्या माणसानं बँकेचं नाव, पैसे गेल्याची वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचा फोन नंबर विचारला. हे सगळं फोनमध्ये होतं, कारण पोरानं रागात निरोप पुसले नव्हते, हे नशीब. मग पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं. या नंबराचा उपयोग एवढाच, की चोरानं पैसे काढण्याआधी ते त्याच्या खात्यात अडवता येतात. म्हणून इथं तासाला किंमत आहे.

अठरांपैकी अकरा हजार अडले. बाकीचे तोपर्यंत पुढं गेले होते. पहिल्या दोन रकमांचा तर पत्ताच नाही. अकरा हजार अजून हातात आलेले नाहीत, कागद फिरताहेत. चिखलणीला त्यानं यंदा शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्यानं आणला. परवा फोन आला, "मामा, गारगोटीजवळ एक जुना आहे म्हणतात, रविवारी बघायला येता काय?" मी हो म्हटलंय. फिटर तोच घेऊन येणार आहे.

नमस्कार.