१४२८५७ : बाकीतून उलगडणारी संख्या



भागाकार शिकविताना आपण मुलांचे लक्ष उत्तराकडे जितके वेधतो, तितके बाकीकडे वेधीत नाही. बाकी कोपऱ्यात लिहावयाची आणि पुढचे उदाहरण घ्यावयाचे, असाच बहुधा क्रम असतो. या उपेक्षित बाकीचे महत्त्व पटविणारी एक संख्या आज मी आपणापुढे ठेवीत आहे. एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, म्हणजे १४२८५७, ही ती संख्या होय.

हिला २ ने गुणिले असता २८५७१४ येतात. ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. आरंभ तेवढा निराळा. प्रदक्षिणेस कोणी कोठूनही निघावे, मार्ग मात्र एकच असावा, तसे हे आहे. ७ ने गुणताच ही प्रदक्षिणा थांबते आणि ९९९९९९ उभे राहतात.

येथे मुले टाळ्या वाजवितील. परंतु आपण येथेच थांबलो, तर ती केवळ जादू ठरेल. गणित होणार नाही. ‘असे का?’ हे मुलांनी विचारावे, यासाठी थोडा वेळ थांबावे. मग फळ्यावर १ ला ७ ने भागावे. प्रत्येक वेळी बाकीवर शून्य घेत गेल्यास भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे अंक येतात आणि बाक्या अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ उरतात. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. त्या सहाही येथे एकेकदा येऊन जातात. अखेर १ उरताच तोच भागाकार नव्याने सुरू होतो. आता ३ ला ७ ने भागावयाचे असल्यास, जेथे बाकी ३ उरली होती तेथूनच पुढे जावयाचे : ४, २, ८, ५, ७, १. तिप्पट केल्यावर अंक का फिरले, याचे उत्तर हेच.

देवळाली येथे शाळाशिक्षक असलेले कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्यां’तही हिची गणना होते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की पुन्हा १४२८५७ च मिळतात.

प्रत्येक भाजक असा वागत नाही. १३ ने भागताना सहा-सहा अंकांची दोन निरनिराळी चक्रे पडतात; १७ ने भागताना मात्र सोळा अंकांचे एकच चक्र मिळते. वरच्या वर्गातील मुलांना हे स्वतः शोधू द्यावे, आणि प्रत्येक पायरीची बाकी समासात लिहावयास लावावी. त्या ओळीकडे पाहून मूल आपण होऊन ‘का?’ असे विचारील, त्या दिवशी त्याचा भागाकार खरोखर शिकून झाला असे समजावे. एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.