रानथाइमचे तेल आणि बोगद्यातला मजूर



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याने एका युरोपीय झुडपावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे रसायनशास्त्र महाविद्यालयातले नव्हे, सार्वजनिक ग्रंथालयातले. परंतु ज्या वासाची ही हकीकत आहे तो आपल्या घरच्या ओव्याच्या डब्यात आहे. आणि तिचा धागा कामगाराच्या रक्तापर्यंत पोहोचतो.

रानथाइम ही युरोपातील माळरानांवर जमिनीसरशी पसरणारी, तुळशीच्या कुळातली वनस्पती. तिच्या पाल्यातून वाफ सोडली की थोडेसे तेल हाती येते. त्यात थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, पॅरा-सायमीन अशी अनेक द्रव्ये असतात. मौज अशी की, एका टेकडीवरच्या झुडपात थायमॉल भरपूर, तर दुसरीकडच्या झुडपात ते अगदी अल्प आणि लिनालूल किंवा जिरॅनिऑल अधिक! म्हणून केवळ नावावरून गुण सांगू नये. बाटलीत काय आहे ते तपासावे. पाण्यात किंवा मद्यार्कात काढलेला अर्क आणखी निराळा. त्यात रोझमॅरिनिक आम्ल आणि फ्लॅव्होनॉइडे उतरतात.

थायमॉलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. कार्व्हॅक्रॉलमध्येही नेमके तेवढेच. फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी निराळ्या जागी बसलेली. हे रेणू जंतूच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरतात, ते सैल करतात, आणि आतली द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. या वासाची खरी ताकद ती ही.

आता बोगद्याकडे वळू. १८७२ ते १८८२ या काळात स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खणला गेला. बहुतेक मजूर इटलीचे. १८७५ साली त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चौघांचा बळी गेला. पुढे हे मजूर पांढरेफटक पडू लागले, त्यांना धाप लागू लागली. १८८० साली तुरीनच्या पेरोनचितो यांनी दाखवून दिले की त्यांच्या आतड्यात रक्त पिणारे अंकुशकृमी आहेत. बोगद्यात उष्मा, चिखल, आणि शौचाची सोय नाही! त्याच शहरातील बोत्सोलो या वैद्यांनी त्यावर थायमॉल वापरले. पुढे कित्येक वर्षे तेच औषध चालले.

यात आपलाही वाटा होता. ओव्याच्या तेलात थायमॉल विपुल असते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जर्मनीस जाई आणि थायमॉल तिकडे तयार होई. बी आपले, कारखाना त्यांचा!

परंतु हे औषध निर्धोक नव्हते. मोठी मात्रा द्यावी लागे. सोबत मद्य किंवा तेलतूप पोटात गेले तर ते रक्तात भिनून रोगी दगावण्याचे भय असे. घरातला चिमूटभर ओवा निराळा आणि शुद्ध थायमॉल निराळे, हे विसरू नये. आज अल्बेंडाझोलसारखी सुरक्षित औषधे आहेत.

मात्र एक गोष्ट कोणत्याही औषधाने बदलत नाही. औषधाने कृमी पडतात. पण माणूस त्याच घाणीच्या चिखलात अनवाणी उतरला, तर ते कातडीतून पुन्हा शिरतात. संडास, बूट आणि धुण्यास पाणी ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो औषधोपचाराचाच अर्धा भाग होय. वनस्पती आपले काम चोख करते. उरलेले काम माणसांनी एकत्र येऊन करावयाचे आहे.