आधी नाणे शोधा

जुन्या वस्तूंच्या हौशी संग्राहकाला, नाणे टाकताच माल देणारे दुकानाच्या मेजावरचे एखादे यंत्र मिळाले, की तो प्रथम त्याचे पितळ घासू लागतो. माझे म्हणणे, आधी त्याचे नाणे शोधावे.

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने असे एक यंत्र वर्णिले आहे. नाणे तरफेच्या टोकाशी पडे, झडप उघडे, आणि नाणे घसरून जाईपर्यंत देवळातले तीर्थ वाहे. पुढच्या यंत्रांनाही नाण्यावरचे राजाचे नाव कधी वाचता आले नाही. त्यांना कळे ते नाण्याचे आकारमान आणि वजन.

जालनेकरांना हे वेगळे सांगायला नको! १९४८ पर्यंत निजामी अमलात असलेल्या या गावाला हाली आणि कलदार, दोन्ही रुपये ठाऊक होते. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब माणूस तोंडी करी. यंत्र कसे करणार? पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणि आण्यावर चालणारी यंत्रे बदलावी तरी लागली, नाहीतर मुकी झाली.

आता खाच कानशीने रुंद करून तीत आजचा रुपया घालणारे लोक यंत्र चालवतात खरे, पण त्याची जन्मखूणच पुसतात. त्यापेक्षा नागमोडी कडेचा एक आणा आणि चौकोनी दोन आणे जवळ ठेवावेत. कोणते नाणे सरकते, कोणते अडते, ते हलक्या हाताने पाहावे.